चारशे की आठशे?

मंडळी, ‘अंगठेबहाद्दर’ हा आपल्याकडचा जुना टोमणा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. गावातल्या माणसाच्या लेखी या सगळ्याचा अर्थ एकच होता: अंगठ्याची शाई पुसायची, सही करायची. सही शिकले लोक. आणि आता स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला पुन्हा अंगठाच लावतात, गावातल्या मशीनवाल्याच्या आधार मशीनवर.

निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी प्रौढांचा वर्ग घेते. वर्गातल्या एक मावशी, वय चौसष्ट, एकदा मशीनमधून निघालेली चिठ्ठी घेऊन आल्या. चेहरा खुललेला. म्हणाल्या, “बाई, पाचशे मागितले, पाचशे दिले त्यानं. पण कागदावर चारशेच लिवलेत. शंभर माझ्याकडं जास्तीचे आले का वो?”

चिठ्ठीवर आठशे होते.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी त्यांना मराठी अंक शिकवले होते. चिठ्ठी, नोटेवरचे ठळक आकडे, मोबाइलची बटणं, सगळं इंग्रजी अंकांत. आपला मराठी चार आणि इंग्रजी आठ शेजारी लिहून बघा, जुळे भाऊ वाटतात. मराठी एक इंग्रजी नवासारखा दिसतो. आपण लहानपणी दोन्ही शिकलो म्हणून हा घोळ आपल्याला दिसतसुद्धा नाही. त्या दिवसापासून माझ्या फळ्यावर दोन्ही अंक एकाखाली एक असतात.

आणि मावशींना हिशेब येत नाही असं समजू नका. आयुष्यभर मजुरीचा हिशेब त्यांनी विसांत केला. सत्तर म्हणजे तीन इसा न् धा. तोंडी विचारा, मला हरवतील. पण ‘पंचवीस’ लिहायला सांगितलं की आधी पाच ऐकू येतात म्हणून आधी पाच लिहितात, मग दोन, झाले बावन्न. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही तेव्हा नाकं मुरडली होती. आज प्रौढांच्या वर्गात तीच युक्ती गुपचूप वापरते.

आता सरकारकडे वळू. सध्या ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७. पंधरा वर्षांवरचे पाच कोटी लोक साक्षर करायचे आणि त्यासाठी केंद्र-राज्य मिळून १,०३७.९० कोटी रुपये. आकडा मोठा वाटतो. भागाकार करा: माणशी साधारण दोनशे आठ रुपये. इतक्या कमी पैशांत भागतं, कारण शिकवणारा स्वयंसेवक आहे, त्याला मानधन नाही. आधीच्या ‘साक्षर भारत’ योजनेत निदान प्रेरक, म्हणजे गावात साक्षरतेचं काम बघणारा माणूस होता, महिना दोन हजार रुपये मानधनावर. २०१८ मध्ये ती योजना संपली आणि प्रेरकही गेला. मला पेन्शन आहे, मी फुकट शिकवू शकते. दिवसभर राबून आलेल्या मुलीनं रोज संध्याकाळी दोन तास कशाच्या जोरावर द्यायचे? सेवाभाव चांगलाच आहे हो, पण तो दुसऱ्याच्या वेळेवर सरकारनं गृहीत का धरायचा?

डिजिटल साक्षरतेसाठीही मोठी योजना झाली. २०१७ ते २०२४, वीस तासांचा अभ्यासक्रम, ग्रामीण भागात घरटी एक माणूस, सहा कोटींहून जास्त लोकांना प्रशिक्षण. वयाची अट चौदा ते साठ. म्हणजे निराधार पेन्शनसाठी जिला दर महिन्याला मशीनवर अंगठा टेकवावा लागतो, तीच बाई बाहेर. आणि घरटी एक म्हटल्यावर घरातून कोण पुढे होणार? कॉलेजात जाणारा मुलगा. त्याला मोबाइल शिकवायला सरकार कशाला हवं?

एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं साक्षरतेची व्याख्या रुंदावली. वाचणं, लिहिणं, हिशेब यांच्या जोडीला डिजिटल आणि आर्थिक व्यवहाराची समजही आली. पण दीडशे गुणांची चाचणी आहे ती वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशीच, प्रत्येकी पन्नास गुण. मावशी ती चाचणी उत्तीर्ण झाल्या, प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलंय. व्याख्येत आलं ते पेपरात यायला काय हरकत आहे? पैसे काढल्याची खरीखुरी चिठ्ठी छापा आणि विचारा: किती काढले? शिल्लक किती? ओटीपीचा मेसेज छापा आणि विचारा, हा आकडा फोनवर कुणाला सांगाल? पेपरात प्रश्न आला की वर्गात तो शिकवला जातो, हे चाळीस वर्षं मास्तरकी केल्यावर मी तरी खात्रीनं सांगते. आणि ती चिठ्ठी मराठीत निघाली तर माझं निम्मं काम वाचेल.

चिठ्ठीचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच गेल्या, मला येऊ दिलं नाही. मशीनवाल्यानं आधी सर्व्हरवर ढकललं. मावशींनी चिठ्ठी पुढं केली, आठाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तिथंच बसून राहिल्या. शेवटी त्यानं नोटा काढून दिल्या. त्यांनी तिथंच मोजल्या म्हणे, मोठ्यानं, विसाविसांनी. पंधरा इसा भरले तेव्हा उठल्या.