भार कुठे जातो?

(दृश्य: पत्र्याची शेड. जॅकवर उचललेली महिंद्राची थार. गाडीखाली झोपून कुणीतरी पुठ्ठा धरलाय.)

ऑफ-रोड, म्हणजे रस्ता सोडून खडकाळ-चिखलाच्या वाटेवर चालवायच्या गाडीला जोडायच्या वस्तूचा पहिला नमुना पुठ्ठ्याचा असतो. भोसरीतलं युनिट असो, नाशिकच्या अंबड-सातपूरमधलं असो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं असो किंवा घरामागची शेड असो, पद्धत तीच. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकवायचा, कड मार्करने उतरवायची, भोकांच्या जागा टोचून घ्यायच्या, कात्रीने कापायचं आणि पुन्हा लावून बघायचं. पुठ्ठा नीट बसेपर्यंत लोखंडाला हात लावायचा नाही. मग तो नमुना संगणकावर चढतो, लेझर कटिंगवाल्याकडे जॉबवर्कला जातो आणि तिथून तीन किंवा चार मिलिमीटरची पट्टी होऊन परत येतो.

गाडीला बाहेरून काही जोडायचं काम आपल्याकडे फार जुनं आहे. महिंद्राने 1947 मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे जीप गावोगावी पोचल्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्या जीपांनी वर्षानुवर्षं वडाप, म्हणजे सीटवर पैसे घेऊन प्रवासी वाहतूक केली, त्यांच्या टपावरचं कॅरियर, मागची शिडी, लोंबकळणाऱ्या प्रवाशांसाठीची पायरी हे सगळं तालुक्याच्या गॅरेजात घडत असे. हूड ताडपत्री शिवणारा शिवून देई. या कारागिरीची नोंद कुणी ठेवली नाही याची मनापासून खंत वाटते, कारण आजच्या धंद्याची मुळं तिथेच आहेत.

गिऱ्हाईक मात्र बदललं. 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली, 2010 मध्ये थार, आणि 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात उतरलेली नवी थार तर नाशिकलाच बनते. इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोड चालवायचं रीतसर प्रशिक्षण देणारं केंद्र काढलं. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली. आता गाडी घेतानाच लोक विचारतात, हिला अजून काय काय लावता येईल?

बनवणाऱ्याने त्याआधी दुसरा प्रश्न विचारायचा असतो. जे लावणार, त्याच्यावरचा भार कुठे जातो?

(दृश्य: स्लायडरचा पाइप. शेजारी साधी पायरी. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात.)

रॉक स्लायडर घेऊ. दोन चाकांच्या मध्ये, दाराखाली, गाडीच्या लांबीने जाणारा हा पाइप. सह्याद्रीतल्या वाटेवर काळ्या दगडाच्या पायऱ्या असतात. पुढचं चाक दगडावरून उतरलं की गाडीची मधली बाजू त्यावर आपटते. नव्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, 226 मिलिमीटर आहे, आणि आपल्या घाटातले दगड तेवढ्यावर थांबत नाहीत. दाराखालचा पत्रा दबला की दार नीट लागत नाही आणि दुरुस्ती महागात पडते.

पाय ठेवायची पायरी आणि स्लायडर फोटोत सारखेच दिसतात. पायरीला माणसाचं वजन पेलायचं असतं, स्लायडरला आख्ख्या गाडीचं. थार सुमारे पावणेदोन टनांची. माणसं आणि सामान धरलं की दोन टन. त्यातला मोठा वाटा एका क्षणी एकाच पाइपवर येतो, तोही आपटत. म्हणून स्लायडरचे पाय सरळ चासीला जोडतात, बॉडीच्या पत्र्याला कधीच नाही. थार आणि जिप्सीला शिडीसारखी वेगळी चासी आहे, म्हणून हे जमतं. जिथे चासी आणि बॉडी एकच असते, अशा गाडीला हाच स्लायडर जोडून देणं म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान करणं.

दोन इंची, तीन मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाइप, प्रत्येकी दीड मीटरचे, म्हणजे सहा मीटर आणि 21 किलो. त्यात पाय, पट्ट्या, बोल्ट आले. पाइप जाड केला की मजबुती वाढते आणि वजनही वाढतं, ते वजन प्रत्येक चढावर इंजिनाला ओढावं लागतं. चांगला कारागीर जाडी वाढवण्याआधी पायांची संख्या आणि जागा तपासतो. दोन पायांमधलं अंतर कमी केलं, तर त्याच पाइपची वाकण्याची भीती बरीच कमी होते.

वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला जातो. एका बाजूने सलग वेल्डिंग करत गेलं की सरळ पाइप केळीसारखा वाकतो. म्हणून तुकडे जिगमध्ये, म्हणजे त्यांना ठरल्या जागी पकडून ठेवणाऱ्या साच्यात आवळतात, आधी टॅक (जागा धरून ठेवणारे छोटे टाके) मारतात, मग थोडं इकडे, थोडं तिकडे असं जोडत जातात. जिग नसेल तर पहिला स्लायडर स्वतःच्या गाडीला बसतो आणि दुसरा दुसऱ्याच्या गाडीला बसत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या चासीतही भोकांत थोडा फरक निघतो, त्यासाठी पट्टीला गोल भोकाऐवजी लांबट भोक देतात. एकासाठी बनवणं आणि विकण्यासाठी बनवणं यातला मोठा फरक जिगचा आहे. कित्येक हौशी माणसं इथेच अडकतात, कारण जिग बनवायला वस्तूपेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

पावसाळा हाच ऑफ-रोडिंगचा हंगाम, म्हणजे मागणीही तेव्हाच. आणि नेमकं तेव्हाच वेल्डिंगचं काम अवघड होतं. दमट हवेत वेल्डिंगच्या रॉडचं आवरण पाणी ओढतं. ओल्या रॉडने सांध्यात बारीक पोकळ्या राहतात, आणि जाड पट्टीत त्या ओलीतल्या हायड्रोजनमुळे काम झाल्यावरही भेग जाऊ शकते. 7018 या क्रमांकाचा, मजबूत सांध्यासाठीचा रॉड वापरणारे तो तीनशे-साडेतीनशे अंशांवर भट्टीत तापवून, गरम पेटीत ठेवूनच वापरतात. जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला पाइप स्वस्त मिळाला म्हणून तसाच वेल्ड करणाऱ्याला जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो. तो लेप आधी काढलाच पाहिजे, आणि शेडला वारा हवाच.

सांधा ग्राइंडरने गुळगुळीत करून, वर पुट्टी भरून, चकचकीत रंग देण्याची पद्धत आहे. फोटोला ते छान दिसतं. माझं मत पक्कं आहे की भार घेणारा सांधा घासूच नये. घासताना जोडलेला धातूच निघून जातो, आणि विकत घेणाऱ्याला सांधा कसा भरला आहे ते बघण्याची संधीही जाते. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) घासलेल्या सांध्यावर बसतं तसंच न घासलेल्यावरही बसतं.

पाइपला खालच्या बाजूने एक बारीक भोकही हवं. आत शिरलेलं पाणी निघायला वाट नसेल, तर कोकणच्या हवेत पाइप आतून सडतो आणि बाहेरून रंग तसाच राहतो.

(दृश्य: चिखलात रुतलेली गाडी. दोरी ताणली जाते. माणसांना लांब उभं केलं जातं.)

आता सगळ्यात जबाबदारीची वस्तू, रिकव्हरी पॉइंट. रुतलेली गाडी ओढायला दोरी जिथे अडकवतात, तो हुक.

अमेरिकी सैन्याचा एक ठोकताळा आहे. गाडी चाकभर रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ लागेल असं धरा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. दोन टनांची गाडी, म्हणजे चार टन. आता बारा मिलिमीटरचा, डोक्यावर 8.8 असा ताकदीच्या ग्रेडचा शिक्का असलेला बोल्ट घ्या. सरळ ताणला तर तो पावणेसात टनांच्या आसपास तुटतो. पण हुकाच्या बोल्टवर बहुतेक वेळा कातरीचा, म्हणजे बोल्ट आडवा कापू बघणारा भार येतो, तिथे ताकद साठ टक्क्यांवर, म्हणजे चार टनांच्या जवळ येते. एका बोल्टवर काम भागवलं तर हातात काहीच शिल्लक राहत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातला 4.6 ग्रेडचा बोल्ट लावला, तर ताकद थेट निम्मी. दिसायला दोन्ही बोल्ट सारखे.

म्हणून निदान दोन बोल्ट, ते चासीतून आरपार, मागे जाड पट्टी. भोक पट्टीच्या कडेच्या फार जवळ असेल तर बोल्ट शाबूत राहतो आणि पट्टी फाटते. 19 मिलिमीटरच्या शॅकलवर (दोरी हुकाला जोडणाऱ्या लोखंडी कडीवर) पावणेपाच टन असं कोरलेलं असतं. तो काम करताना द्यायचा भार, तुटण्याचा भार त्याहून कितीतरी जास्त. घरी बनवलेल्या हुकावरही हा हिशेब तसाच करावा लागतो.

कारण हुक तुटला तर तो जमिनीवर पडत नाही. ताणलेली नायलॉनची दोरी त्याला गोळीच्या वेगाने परत फेकते. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला दोरी लावून ओढताना तो बॉल निसटून माणसं मेली आहेत. गाडी ट्रेलरवर बांधायला कंपनीने दिलेली कडीसुद्धा ओढण्यासाठी नसते. ज्याच्याकडे भाराची चाचणी करण्याची सोय नाही, त्याने रिकव्हरी पॉइंट बनवून विकू नये, असं मला ठामपणे वाटतं. स्लायडर बनवावेत, जेरीकॅनचे स्टँड बनवावेत, मागच्या डिकीत सामान लावायचे ड्रॉवर बनवावेत. कमाई तिथेही आहे.

बुल बारचा, म्हणजे बंपरपुढे लावायच्या लोखंडी चौकटीचा प्रश्न वेगळा. त्याचा भार जातो रस्त्यावरच्या माणसाच्या पायावर आणि पोटावर. शिवाय पुढून आदळल्यावर एअरबॅगला मिळणारा इशारा तो बिघडवू शकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड भरतो गिऱ्हाईक. म्हणून कायद्याची बाजू विकणाऱ्यानेच आधी समजावून सांगायला हवी.

(दृश्य: बारीक रबरी नळी, क्लिप, एक छोटा फिल्टर.)

या सगळ्यात माझी आवडती वस्तू सर्वांत स्वस्त आहे. ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या छिद्राची नळी.

थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. पण डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, चालून तापलेला असतो. तो अचानक ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर गिअर खराब होतात. ब्रीदरला लांब नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच नेलं की झालं. नळी, जोडणी, क्लिपा आणि टोकाला छोटा फिल्टर. वेल्डिंग नाही, वजन नाही, कुणाला इजा नाही. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याने हीच वस्तू पहिली विकावी. हिचं किट लिफाफ्यात मावतं.

स्लायडर मावत नाहीत. दीड मीटरचे पाइप फोममध्ये, मग पुठ्ठ्यात, मग गोणपाटात बांधून ट्रान्सपोर्टला द्यावे लागतात, आणि कोपऱ्याचा रंग उडाला तर तो खर्च आपला. किंमत ठरवताना पाइपचा भाव सगळे धरतात. डिस्क, गॅस, वीज, लेझरचं बिल, कोटिंगवाल्याकडच्या फेऱ्या, फुकट गेलेले पहिले नमुने आणि स्वतःच्या रात्री मात्र धरायच्या राहतात. राज्याबाहेर माल विकायचा तर पहिल्या विक्रीपासून जीएसटीची नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असली तरी. सप्टेंबर 2025 मध्ये गाडीच्या सुट्या भागांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हा लहान कारागिराला मोठा दिलासा आहे.

आणि खोक्यात एक कागद ठेवावाच लागतो, मराठीत आणि हिंदीत. बारा मिलिमीटरचे 8.8 बोल्ट 80 ते 85 न्यूटन-मीटरला आवळा. बोल्टच्या डोक्यावरून पट्टीवर रंगाची रेघ मारा, म्हणजे बोल्ट सैल झाला तर नुसत्या नजरेने कळेल. पहिल्या 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, आणि गाडी दगडावर जोरात बसली असेल तर त्याच दिवशी खाली वाकून सांधे तपासा.