बस फुकट पाहिजे की आधी बस पाहिजे?

(कॅमेरा रस्त्याच्या कडेला. मागे रिक्षांचे हॉर्न.)

नमस्कार मंडळी. मागे हॉर्न वाजतायत ते वाजू द्या, आज विषयच तो आहे. मी अशोक चौकात आहे, दुपारचे बारा वाजलेत, आणि उन्हाळ्यातलं सोलापूर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न असा: शहरातली बस सगळ्यांना फुकट असावी का? दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ ला बायकांना बसमध्ये तिकिटाचे पैसे माफ झाले, गुलाबी तिकीट सुरू झालं. आपल्या शेजारी कर्नाटकात ११ जून २०२३ ला बायकांना सरकारी बस फुकट करणारी 'शक्ती' योजना आली. त्यांच्या लाल गाड्या रोज आपल्या स्टँडवर येतात. तिकडच्या इंडीची बाई विजापूरला फुकट जाते, आणि आपली बाई एसटीत अर्धं तिकीट काढते. तीही सवलत १७ मार्च २०२३ पासूनची, आणि फक्त एसटीत.

मग सोलापुरात सिटी बस फुकट करा, विषय संपला? थांबा.

गेल्या आठवड्यात मी शेअर रिक्षात बसले. मागे चौघी, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक जण अर्धा बाहेर. शेजारच्या अक्कांच्या मांडीवर विड्यांचं गाठोडं. दाबलं जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी वर उचलून धरलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या स्वतः आदळत होत्या, गाठोडं नाही. जाताना वीस रुपये, येताना वीस. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर एक हजार चाळीस. मी विचारलं, "अक्का, बस फुकट केली तर?" त्या म्हणाल्या, "करू दे की. पण येती कवा?"

माझं म्हणणं या दोन शब्दांत आलंय, आता नुसतं उलगडून सांगते.

बसचा खर्च माणसांवर ठरत नाही, किलोमीटरवर ठरतो. डिझेल किंवा वीज, ड्रायव्हरचा पगार, टायर, दुरुस्ती. गाडीत चाळीस बसले काय नि चार बसले काय, खर्चात फारसा फरक नाही. ठेकेदाराची गाडी असेल तर महापालिका त्याला बहुतेक वेळा किलोमीटरमागेच पैसे देते. म्हणजे दुपारी दोन वाजता रिकामी धावणारी सीट आपण आधीच विकत घेतलेली असते. तिच्यावर कुणी फुकट बसलं तर तोटा किती? जवळजवळ काहीच नाही.

पण सकाळी नऊला हिशेब उलटा. तेव्हा सीट रिकामी नसतेच. तेव्हा फुकट म्हणजे जादा गाड्या, जादा ड्रायव्हर, आणि ते पैसे कुणाच्या तरी खिशातून.

कुणाच्या? दिल्लीत गुलाबी तिकीट सुरू झालं तेव्हा सरकार प्रत्येक तिकिटामागे बसवाल्यांना दहा रुपये द्यायचं. एसटीच्या सवलतीचे पैसे राज्य सरकार भरतं. लक्झेंबर्गने २०२० मध्ये अख्ख्या देशात प्रवास फुकट केला. श्रीमंत देश, तिकिटातून खर्चाचा लहानसाच वाटा निघायचा, त्यांना सोडणं सोपं होतं. (आणि गंमत बघा, रेल्वेचा पहिला वर्ग तिथेही फुकट नाही.) एस्टोनियाची राजधानी टॅलिननं २०१३ मध्ये बस फुकट केली, पण फक्त शहरात नाव नोंदवलेल्यांना. त्यात डोकं होतं: नाव नोंदवलं की त्या माणसाच्या आयकरातला वाटा शहराला मिळतो. बस फुकट, आणि तिजोरीतही भर! आपल्याकडे आयकर महापालिकेकडे येतच नाही. आपल्याकडे आहे घरपट्टी. जे शहर नळाला काही दिवसांआड पाणी सोडतं, तिथे घरपट्टीतून बस फुकट करतो म्हणाल तर लोक काय म्हणतील, ते इथे बोलता येणार नाही.

टॅलिनची अजून एक गोष्ट. तिथे बसमध्ये नवे लोक आले त्यातले बरेच आधी पायी जाणारे होते. कारवाले फारसे उतरले नाहीत. म्हणजे ट्रॅफिक कमी होईल या आशेवर हे करू नका. गरिबाचे पैसे वाचतील म्हणून करा, ते कारण पुरेसं आहे.

आणि रिक्षावाले? त्यांच्याच रिक्षात आदळत आले तरी त्यांच्या बाजूनं बोलते. शक्ती योजना आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बेंगळुरूत रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी बंद पाळला. सोलापुरात गिरण्या गेल्या, यंत्रमाग कमी झाले, त्यातली कितीतरी पोरं स्टेअरिंगवर बसली. बस सुटत नाही तिथे आज हे रिक्षावालेच शहर चालवतात. त्यांना न विचारता काही केलंत तर अशोक चौकातच चक्का जाम.

आता सोलापूरजवळचं कुंभारी गाव बघा. २००६ मध्ये विडी कामगार बायकांना गोदूताई परुळेकर घरकुलात दहा हजारांवर घरं मिळाली. जवळच रे नगर, तिथे १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी आणखी पंधरा हजार घरं दिली. घरं चांगली झाली, पण शहरापासून लांब. स्वस्त घर लांब असेल तर उरलेली किंमत रोज रिक्षात भरावी लागते. म्हणून माझ्या मते सुरुवात तिथून करा. कुंभारी ते शहर, दर पंधरा मिनिटांना गाडी, पहिले सहा महिने तिकीट लावूनच. गाडी वेळेवर येते असा विश्वास बसला की अकरा ते चार फुकट करा, सगळ्यांना, बाई-पुरुष असा भेद न करता.

तुम्हाला पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा, मी वाचते. फक्त एक करा: आपला भाग लिहा आणि तिथून शेवटची बस किती वाजता सुटते ते लिहा. पाटीवर लिहिलेली वेळ नको, गाडी खरोखर सुटते ती वेळ. मी पुढच्या सोमवारी सकाळी सहापासून याच चौकातल्या बसथांब्यावर वही घेऊन बसणार आहे. छत्री आणि पाण्याची बाटली आणतेय.