चार टाइल्सची उडी

(पडद्यावर : राखाडी चौकटींचा रिकामा प्लॅटफॉर्म, त्यावर एक पांढरा चौकोन.)

पात्राचं चित्र अजून काढलेलं नाही. संगीत नाही, कथा नाही. आहे तो फक्त 16 बाय 16 पिक्सेलचा हा पांढरा चौकोन, आणि त्याला उडी मारायची आहे. प्लॅटफॉर्मर, म्हणजे कठड्यांवरून उड्या मारत पुढे जायचा गेम, इथेच जमतो किंवा फसतो. खेळणाऱ्याचं बोट तासन् तास एकाच बटणावर असतं. ते दाबल्यावर जे घडतं ते हाताला पटलं नाही, तर पुढच्या लेव्हल्स कितीही देखण्या असोत, तिथवर कोणी पोचत नाही.

समोर दिसतंय ते गोडो, गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्सूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं. 2014 मध्ये त्याचा सगळा कोड एमआयटी परवान्याखाली खुला झाला.

(कोडची खिडकी.)

कॅरेक्टरबॉडी टूडी हा नोड, म्हणजे पात्रासाठीचा तयार सुटा भाग, घेतला की इंजिन चालण्याची आणि उडी मारण्याची तयार स्क्रिप्ट देऊ करतं. तिच्यात उडीचा वेग आहे उणे 400. उणे का, तर पडद्यावर वाय अक्ष वरून खाली वाढतो. हे चिन्ह द्यायचं राहून गेलं की चौकोन जागचा हलत नाही, आणि नवशिका माणूस बटणाच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो.

हे 400 आणि गुरुत्वाकर्षणाचे 980, दोन्ही आकडे नमुन्यादाखल आहेत. ते अंदाजाने कमीजास्त करत बसण्यात वेळ जातो. हिशेब उलट्या टोकाकडून करावा. उडी चार टाइल्स उंच हवी; एक टाइल म्हणजे 16 पिक्सेलची चौकट, म्हणजे 64 पिक्सेल. वर पोचायला 0.4 सेकंद. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग : गुरुत्वाकर्षण 800. उंचीची दुप्पट भागिले वेळ : वेग 320. संपलं.

(स्लो मोशन. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा.)

आता एकेक फ्रेम बघा. इंजिन भौतिकीचा हिशेब सेकंदाला 60 वेळा करतं, म्हणजे वर जायला 24 फ्रेम्स. पहिल्या फ्रेमला चौकोन 5 पिक्सेलच्या थोडा वर सरकतो, शेवटच्या फ्रेम्सना जेमतेम पिक्सेलभर. आणि थांबतो कुठे? 64 वर नाही, 66 च्याही किंचित वर. तयार स्क्रिप्ट जमिनीवर असताना गुरुत्वाकर्षण लावत नाही, त्यामुळे पहिल्या फ्रेमला पूर्ण वेग मिळतो. तेच गुरुत्वाकर्षण कुठल्याही अटीशिवाय, उडीच्या ओळीच्या खाली नेऊन लावलं, तर उंची 61 वर येते. चार टाइल्सचा कठडा मग चढताच येत नाही. आकडे तेच, फक्त ओळींचा क्रम बदलला. म्हणून हालचाल पक्की झाल्याशिवाय लेव्हल बांधायला घेऊ नये.

एवढं करूनही उडी फुग्यासारखी तरंगते. चढताना आणि उतरताना गुरुत्वाकर्षण सारखंच आहे ना! उतरताना ते 1.6 पट करा, 1280. खाली यायला 0.4 ऐवजी साधारण 0.32 सेकंद लागतात. फरक सेकंदाच्या बाराव्या हिश्श्याइतका, पण बोटाला तो लगेच कळतो. बटण लवकर सोडलं तर वर जाण्याचा वेग निम्मा करा, म्हणजे छोटी उडीही मिळते.

(चौकोन कड सोडून हवेत; मग उडी.)

हे दृश्य पुन्हा बघा. चौकोनाखाली जमीन नाही आणि तरी उडी लागली. हा बग नव्हे, ही मुद्दाम दिलेली सवलत आहे : कड सुटल्यावर 0.1 सेकंद, म्हणजे 6 फ्रेम्स. डेव्हलपर तिला कोयोटी टाइम म्हणतात. माणूस कडेच्या अगदी टोकावर बटण दाबायला जातो, थोडा उशीर होतो, आणि दोष गेमला देतो. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. उलट बाजूची सवलतही हवी : जमिनीला टेकायच्या 6 फ्रेम्स आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवायचं आणि टेकताच उडी द्यायची. उडी लागली की दोन्ही टायमर शून्यावर आणायला मात्र विसरू नका. पहिला राहिला तर हवेत दुसरी उडी मिळते, दुसरा राहिला तर एकदाच दाबलेलं बटण दोनदा मोजलं जाऊ शकतं.

‘सेलेस्ट’ हा 2018 चा गेम. त्यातही कडेची सवलत 0.1 सेकंदच आहे. हे ठामपणे सांगता येतं, कारण निर्मात्यांनी पात्राचा कोड जाहीर केला. डोकं कोपऱ्याला घासलं तर पात्राला चार पिक्सेलपर्यंत बाजूला सरकवून वर जाऊ देणारी ओळसुद्धा त्यात वाचता येते. तो गेम गोडोवर बनलेला नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ एक्सएनएवर बनला, ‘अंडरटेल’ गेममेकरवर, ‘हॉलो नाइट’ युनिटीवर, ‘बालाट्रो’ लव्ह नावाच्या छोट्या फ्रेमवर्कवर. चांगली उडी कुठेही बसवता येते. पण ती कशी बसवली हे उघडून दाखवणाऱ्यांमुळे पुढच्याचं काम सोपं होतं, आणि इंजिनच उघडं असेल तर पात्र हलवणाऱ्या ‘मूव्ह अँड स्लाइड’ या फंक्शनच्या आत काय चाललंय तेही वाचता येतं.

सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. विरोधानंतर नियम सौम्य झाले, वर्षभराने ते शुल्क रद्दही झालं. तोवर काहींनी इंजिन बदललं होतं. ‘स्ले द स्पायर’चा दुसरा भाग गोडोवर गेला.

गोडोत अडचणी आहेतच. मोठ्या थ्रीडी जगासाठी अनरियल हे इंजिन पुढे आहे. कन्सोलच्या कंपन्यांचे गोपनीयतेचे करार खुल्या कोडशी जुळत नाहीत, त्यामुळे तिथे गेम न्यायचा तर सहसा बाहेरच्या कंपनीची मदत घ्यावी लागते.

(डाउनलोडचं पान.)

एमआयटी परवान्याची अट छोटी आहे : परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यायचा. श्रेयनामावलीत टाकला तरी चालतो. उतरवून घेतलेली आवृत्ती त्याच अटीवर आपल्याकडे राहते. काम सुरू केलं त्याच आवृत्तीवर गेम पूर्ण करा. गोडो 3 वरून 4 वर जाताना कायनेमॅटिकबॉडी टूडीचं नाव बदलून कॅरेक्टरबॉडी टूडी झालं, ‘मूव्ह अँड स्लाइड’ लिहायची पद्धत बदलली, आणि आपोआप रूपांतर करणारं साधन सगळं सुधारून देत नाही. जायचंच असेल तर आधी प्रोजेक्टची वेगळी प्रत काढा, आणि रूपांतर झाल्यावर सगळ्यात पहिल्यांदा उडीची उंची पुन्हा मोजा.