पूर्ण एक मिनिट

(सांगलीत परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सिंगचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रात्रपाळी उरकून तशाच इथे आलेल्या काही जणी मला समोर दिसताहेत. डोळ्यांवर झोप आहे तरी आलात, म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच. पहाटे चार्टवर श्वासाच्या रकान्यात काय लिहिलंत? १८? २०? आणि ते मोजून लिहिलंत का?

हात वर करायला लावत नाही. मी माझं सांगते. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका रुग्णालयात माझ्या वॉर्डात वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालेलं, दुसरी रात्र. त्याची आई दोनदा माझ्याकडे आली. म्हणाली, "सिस्टर, ह्यो लई धापा टाकतोय." मी गेले, बीपी घेतलं, ११० वर ७०. पल्स जरा जास्त होती, पण अंगात ताप होता. मी म्हटलं, "मावशी, घाबरलाय तो, झोपेल आता." आणि चार्टवर रात्रभर लिहीत गेले, १८, १८, २०. सकाळी मोठ्या सिस्टर आल्या, चार्ट न बघता त्याच्या कॉटशेजारी उभ्या राहिल्या आणि घड्याळ लावून मोजलं. ३४ भरले. मुलगा वाचला, पण १९ दिवस आयसीयूत काढून. त्याच्या आईला दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मी मोजलंच नव्हतं.

आता शरीरात काय चाललं होतं ते बघा. संसर्ग रक्तात पसरला, म्हणजे सेप्सिस झाला, की पेशींना प्राणवायू पुरेनासा होतो आणि रक्तातली आम्लता वाढते. ती खाली आणायचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकणं, म्हणून श्वास वाढतो. तरुण माणसाच्या रक्तवाहिन्या आकसून बीपी कितीतरी वेळ सावरून धरतात. सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण, ९७ टक्के दाखवत राहतं, कारण फुप्फुसं अजून ठणठणीत असतात. म्हणजे यंत्रावरचे दोन्ही आकडे छान, आणि माणूस मात्र घसरतोय. अशा वेळी खरं बोलतो तो श्वास. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. २२ झाला की कान टवकारा. २५ किंवा त्याच्या वर गेला तर बाकी सगळं चांगलं असलं तरी डॉक्टरांना बोलवा. इन्सुलिन थांबवलेला मधुमेही पोटात दुखतंय म्हणून येतो आणि खोल, भरभर श्वास घेत असतो, तेव्हाही कारण आम्लतेचंच. पोटावरची गोळी देण्याआधी त्याची साखर बघा.

मोजायचं कसं? पेशंटला सांगून नाही. सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. मनगट धरून ठेवा, नाडी बघताय असं वाटू द्या आणि नजर छातीवर ठेवा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, त्यात एक श्वास चुकला तर चार चुकतात. बाळाचं तर पूर्ण मिनिटच लागतं, कारण त्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. आईच्या मांडीवर शांत असू दे, झबलं वर करा, पोट बघा. रडत असेल, पीत असेल तर थांबा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. खोकला असलेल्या मुलात न्यूमोनिया ओळखायला हा आकडा स्टेथोस्कोपच्या आधी कामाला येतो.

श्वासाचीच आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या भागाची आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, माणसं जमिनीवर झोपतात. समजा, पहाटे एकाला उपकेंद्रात आणलं. पोटात कळ येते म्हणतो, घसा धरल्यासारखा झालाय. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. तुम्ही ॲसिडिटीचं औषध काढणार, तेवढ्यात त्याच्या डोळ्यांकडे बघा. पापण्या जड झाल्यात का? "दादा, मान न हलवता वर बघा," म्हणा आणि मिनिटभर तसंच ठेवा. पापण्या हळूहळू खाली आल्या तर मण्यार चावल्याचा संशय धरा. मण्यार रात्री चावते, दुखत जवळजवळ नाही, दातांच्या खुणा दिसतीलच असं नाही, आणि तिचं विष स्नायू लुळे पाडत श्वासापर्यंत जातं.

मग त्याला म्हणा, खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा. दिवसभर मोळ्या मोजणारा माणूस आहे, लगेच समजेल. २८ पर्यंत गेला तर २८ लिहा, शेजारी वेळ लिहा. दहा मिनिटांनी पुन्हा. २८ वरून २२, २२ वरून १५, असा आकडा उतरत असेल तर श्वासाचे स्नायू थकताहेत. सॅच्युरेशन उतरायच्या आधी हे तुम्हाला कळतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. १०८ ला फोन, हाताने दाबून श्वास द्यायची अँब्यू बॅग हाताशी, सर्पविषावरचं प्रतिविष आणि व्हेंटिलेटर जिथे आहे तिथेच थेट पाठवणी. आवळून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही. वाटेत श्वास थांबला तरी बॅग दाबत राहिलात तर हा माणूस जगू शकतो.

ठोकून बघणं, स्टेथोस्कोप लावणं तुम्ही शिकलाच आहात. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला भरीव आणि पोकळ आवाज कळतो, तिथून सुरुवात करा. रोज एका निरोगी छातीवर बोट वाजवा, बिघडलेला आवाज मग आपोआप ओळखू येईल.

पेशंटला विचारताना मात्र घाई नको. पंचावन्न वर्षांची मधुमेही मावशी म्हणते, "सिस्टर, गॅस झालाय, कसंतरी हुतंय." आपल्याकडे हार्ट अटॅक बऱ्याचदा गॅस या नावानेच दारात येतो. घाम फुटला का? पाण्याचा हंडा उचलताना वाढतं का? जबड्यात, पाठीत, हातात जातंय का? आणि दहा मिनिटांच्या आत ईसीजी. तिला बोलू द्या. निघताना दारात वळून सांगितलेलं वाक्य हेच पुष्कळदा खरं दुखणं असतं.

काही जणी म्हणतील, निदान हे डॉक्टरांचं काम. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञासोबत पहिला नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासून निदान आणि उपचारही करणाऱ्या परिचारिकेचा, अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हाही हाच प्रश्न होता. आपल्याकडे आता अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रम आहे, गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) बसतात. औषध किती लिहायचं याला कायद्याची हद्द आहे आणि ती पाळायचीच. पण हा पेशंट सकाळपर्यंत थांबू शकतो का, हे रात्री दोन वाजता ठरवायला तिथे तुमच्याशिवाय कोणी नसतं.

म्हणून फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढंच म्हणू नका. असं म्हणा: "सर, कॉट नंबर सात, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास पूर्ण मिनिट मोजला, ३०. दोन तासांपूर्वी २२ होता. बीपी, सॅच्युरेशन ठीक, पण नातेवाईक म्हणतात की बोलताना भरकटतोय. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं." वेळ आणि सांगितलेलं वाक्य नोंदवहीत तसंच लिहा. अर्ध्या तासात कोणी आलं नाही तर पुन्हा फोन करा, मग त्यांच्या वरिष्ठांना. कोणी रागावलं तर रागावू द्या.

आता मी बोलायची थांबते. जोड्या करा, शेजारणीचं मनगट धरा, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर येऊ द्या.