नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते कुठेच गेले नाहीत

नमस्कार. आज मागे कुकर, डबे, पुसायचं फडकं, सगळं दिसतंय. दिसू दे. ही गोष्ट याच ओट्यापाशी सुरू झाली, म्हणून इथेच बसलेय.

महिन्याची पाच तारीख होती. मी शाळेत निघायच्या घाईत. शिक्षिका नाही हं, शाळेच्या ऑफिसात आहे. एका हाताने तव्यावरची पोळी उलटतेय आणि मोबाईलवर मेसेज आला, अपुऱ्या शिलकीमुळे आपला हप्ता परत गेला आहे. घराच्या कर्जात मी सहकर्जदार, म्हणून मेसेज मलाही येतो. मी बाथरूमच्या दाराशी जाऊन ओरडले, "अहो, पगार झाला नाही का?" आतला नळ बंद झाला. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

यांची नोकरी जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. चाकणची कंपनी, गाड्यांचे पार्ट बनवणारी, नाव घेत नाही. नऊ दिवस मी डबा भरत होते आणि हे निगडीच्या दुर्गा टेकडीवर बसून तो खात होते. एकदा भेंडी तशीच परत आली, तर मी चिडलेसुद्धा होते. आणि मधल्या काळात घरखर्चाला म्हणून मला ३० हजार रोख मिळाले होते. मला वाटलं, काहीतरी थकबाकी निघाली असेल. ते क्रेडिट कार्डावरून एटीएममधून काढलेले पैसे होते. कार्डावर रोख काढली की खरेदीसारखे व्याजमाफीचे दिवस मिळत नाहीत, काढल्या दिवसापासून व्याज लागतं, शिवाय काढण्याचा आकार वेगळा.

मी यांना दोष देत नाही. त्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं. पण नोकरी गेल्याने जेवढं बुडतं, त्याहून जास्त पुढचे तीन-चार महिने काही झालंच नाही असं दाखवण्यात बुडतं. जुना हप्ता वेळेवर जावा म्हणून नवीन कर्ज, त्या कर्जाच्या हप्त्यासाठी अजून एक. बाहेरून घर ठाकठीक दिसतं आणि आतून पोखरत जातं.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी त्याची एक कोरी वही घेतली. ही बघा.

[वही कॅमेऱ्यासमोर धरते]

चार रकाने. कोणाचे, किती उरलेत, व्याज किती, आणि चौथा रकाना, हप्ता चुकला तर हे आपलं काय नेऊ शकतात. पहिले तीन रकाने सगळेच लिहितात. खरा उपयोग चौथ्याचा झाला.

आमची यादी अशी. घराचा हप्ता २६,०३५. पर्सनल लोन १०,२५०. यांच्या कंपनीतल्या पतसंस्थेचं कर्ज, ४,५००. माझी भिशी ५,०००, आणि ती मी आधीच उचललेली. कार्डावर ८० हजार, त्याची किमान रक्कम पाच टक्के धरली तर ४,०००. एकूण ४९,७८५. माझा पगार ३१ हजार. अजून किराणा, वीज, रिक्षा धरलेलं नाही.

आता चौथा रकाना. घर: घर नेऊ शकतात, पण एका हप्त्यात नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँकेच्या लेखी खातं बुडीत, म्हणजे एनपीए. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, त्या मुदतीत तुम्ही लेखी म्हणणं मांडू शकता, आणि मग पुढे ताब्याची पाळी. म्हणजे वेळ आहे, पण तो वेळ हप्ता चुकला त्या दिवसापासून मोजायचा, नोटीस आल्यापासून नाही.

पर्सनल लोन आणि कार्ड: तारण काहीच नाही. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचे गुण, पडतील, फोन येतील, कोर्टात जाऊ शकतील, पण दारात येऊन फ्रिज उचलून नेण्याचा अधिकार कोणाला नाही. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त फोन याच दोघांचे येतात. माणूस घाबरून घराचा हप्ता मागे ठेवतो आणि ओरडणाऱ्याला आधी भागवतो.

पतसंस्था: इथे मी थबकले. चौथ्या रकान्यात यांनी स्वतःच लिहिलं, दोन माणसं. जामीनदार. यांच्याच लाइनवरचे दोघे, त्यांच्या सह्या आहेत. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी कर्जदाराचा पाठपुरावा करा मग आमच्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढते त्यात जामीनदारही येतो. त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ४,५०० चा हप्ता आमच्या यादीत सगळ्यात लहान होता, आणि तो पहिल्या नंबरावर गेला. व्याजाच्या गणितात हे बसत नाही, मला माहितेय.

कार्डाचं गणित मात्र करून बघा, एकदाच करा, पुन्हा करावं लागणार नाही. ८० हजारांवर महिना साडेतीन टक्के, २,८०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५०४. झाले ३,३०४. तुम्ही किमान रक्कम भरली ४,०००. मुद्दलातून किती गेले? ६९६ रुपये. आणि मेसेज येतो, धन्यवाद, आपले पेमेंट मिळाले.

म्हणून आमचा क्रम ठरला. पतसंस्था, घर, मग कार्ड एकरकमी संपवायचं, पर्सनल लोन जमेल तसं. भिशीबद्दल नंतर सांगते.

बँकेत कधी जायचं? पहिला हप्ता परत जायच्या आधी. आम्ही एक हप्ता उशिरा गेलो. हप्ता परत गेला की दंड दोन्हीकडून लागतो, जिथून कापायचा ती बँक आणि ज्याचं कर्ज ती बँक, आणि मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची आपण दिलेली परवानगी, पुन्हा लावलं की पुन्हा. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: चेक बाउन्सला जशी फौजदारी आहे तशीच या ऑटो-डेबिटलाही आहे, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये. तेव्हा होईल ते होऊ दे म्हणून सोडून देऊ नका.

काउंटरवरचा मुलगा चांगला होता, पण त्याच्याकडे एकच उत्तर होतं: मॅडम, मुदत वाढवून घ्या. मी म्हटलं, कागदावर मांडून दाखवा. ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, पाच झालेली. बाकी साधारण २६ लाख ४४ हजार, १५ वर्षं उरलेली. ती २० केली तर हप्ता २६,०३५ वरून येतो साधारण २२,९५० वर. महिन्याला तीन हजार वाचले. आणि शेवटपर्यंत जास्तीचे किती जाणार? आठ लाखांच्या वर. तीन हजारांनी आमची चूल पेटणार नव्हती.

मग मी विचारलं, थोडे महिने नुसतं व्याज घ्याल का? व्याज साधारण १८,७३०. म्हणजे महिन्याला सात हजारांच्या वर सुटले, आणि अडचण संपली की जुना हप्ता सुरू. हे आपोआप मिळत नाही, लेखी मागावं लागतं, आणि बँक ते देईलच असं नाही. कर्जाची पुनर्रचना म्हणून नोंद झाली तर सिबिलवर दिसते, हेही आधीच विचारून घ्या. आम्ही सहा महिने मागितले, चार मिळाले. मॅनेजरच्या केबिनपर्यंत जायला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी यांनाही ओढून नेलं. घरात बसून राहण्यापेक्षा बरं.

आता आत येणारा पैसा. शेवटचा पगार बऱ्याच कंपन्या फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सुटल्यावरच्या शेवटच्या हिशोबात, अडकवतात, म्हणूनच आमचा हप्ता परत गेला. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं झालेली असली की हिशोब सोपा: शेवटचा मूळ पगार, महागाई भत्ता असला तर तोही धरून, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. यांचा मूळ ३० हजार, नऊ वर्षं. १,५५,७६९. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. एचआर म्हणालं, बघतो. यांनी मेल केला, त्यात तारीख घातली, आणि आली. त्यातले ८० हजार थेट कार्डाला, त्याच दिवशी. कार्ड कात्रीने कापलं. तो आनंद मी सांगू शकत नाही.

पीएफबद्दल आमच्यात भांडण झालं. नोकरी सुटल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत काढता येतो. हे म्हणत होते मिळेल तेवढा सगळा काढू आणि पर्सनल लोन मिटवू. ऐकायला बरोबर वाटतं, १४ टक्क्यांचं कर्ज आणि पीएफला २०२४-२५ ला व्याज ८.२५ टक्के. पण पर्सनल लोन मिटवलं आणि पाचव्या महिन्यात आई आजारी पडली, तर? तेव्हा नोकरी नसलेल्या माणसाला कोण कर्ज देणार? आम्ही १ लाखच काढले, तेही लागतील तसे. आणि हो, कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली नाही तर पैसे अडकतात. दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला टाकता येते.

यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला होता. "रेकॉर्ड चांगलं राहील" म्हणून. पर्सनल लोनबरोबर आम्हाला जॉब लॉसचा विमा चिकटवलेला होता, हप्ता आम्हीच भरलेला. कागद काढून बघितला, स्वतःहून राजीनामा दिल्यास लागू नाही. मी तो कागद अजून जपून ठेवलाय, का ते विचारू नका. पगार २१ हजारांच्या आतला असेल आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना चालू आहे का, याची चौकशी ईएसआयसीच्या शाखेत नक्की करा, त्यात ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मे मिळतात. आम्ही त्यात बसत नव्हतो.

कंपनीचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर जातो. त्याच विमा कंपनीकडे स्वतःची पॉलिसी करून घेता येते का, ते शेवटचा दिवस उलटायच्या आत विचारा. आम्ही नाही विचारलं.

सोनं. माझ्या पाटल्या सासूबाईंनी दिलेल्या. त्यांनाच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेव की बँकेत, नाहीतरी कपाटातच आहेत. फक्त विकू नको." वाईट वेळेला सोनेतारण हे मला कुठल्याही लोन ॲपपेक्षा बरं वाटतं, व्याज कमी आणि तुमच्या फोनमधल्या नंबरांशी त्याला काही घेणं नाही. यांनी एक ॲप डाउनलोड केलं होतं, त्याने पहिली परवानगी मागितली ती कॉन्टॅक्ट्सची. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ते बसत नाही. मी तिथेच डिलीट करायला लावलं. आणि चौकात व्याजाने पैसे देणारा जो असतो ना, त्याला आधी परवाना दाखव म्हणा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते.

वसुलीचे फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, शिव्या, धमक्या, नातेवाइकांना गाठणं, काहीच चालत नाही. एकदा एकाने माझ्या शाळेच्या नंबरावर फोन केला. मी तारीख, वेळ, नंबर या वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार टाकली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात जाता येतं, हेही त्यात लिहिलं. उत्तर नवव्या दिवशी आलं.

राहिली भिशी. दहा जणी, पाच हजार, मी चौथ्या महिन्यात उचललेली, सहा हप्ते बाकी. कागद नाही, व्याज नाही, चौथ्या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना. मी ती एकही महिना चुकवली नाही. पण आधी सगळ्यांसमोर सांगितलं, यांची नोकरी गेलीय, एखाद वेळेस दहा तारखेऐवजी पंधरा होईल. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकीने चहा ठेवला. दुसरीने लिफ्टमध्ये विचारलं, "मग आता फ्लॅट विकणार का?" दोन्ही माणसं बिल्डिंगमध्ये असतात. आणि तिसरीच्या दिरानेच पुढे यांना रांजणगावच्या कंपनीचा पत्ता दिला.

सात महिन्यांनी लागले. पगार ४८ हजार, आधी ६२ होता. जायला-यायला दिवसाचे चार तास. पतसंस्था फिटली, भिशी फिटली, कार्ड तर आता उरलंच नाही. पर्सनल लोनची ओळ अजून वहीत आहे, घराची तर असणारच.

बँकेला दिलेल्या अर्जाचा नमुना व्हिडिओच्या खाली टाकलाय. खाते क्रमांक, नोकरी गेल्याची तारीख आणि किती महिने नुसतं व्याज भरणार, एवढं बदला. कारण दोन ओळींत, रडगाणं नको. दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.