पांडवलेणीचा दगड कुठून आला?

हा जो डोंगर दिसतोय ना, मुंबई-आग्रा हायवेला लागून, तो आपला पांडवलेणीचा डोंगर. जुन्या शिलालेखांत याला त्रिरश्मी म्हटलंय. नाशिकची पोरं शाळेच्या ट्रिपला हमखास इथं येतात, पायऱ्या चढतात, लेणी बघतात, डबा खातात आणि खाली उतरतात. पण ज्या दगडात ही लेणी कोरलीत त्याच्याकडे कुणी बघतच नाही, आणि मला राहून राहून वाटतं की सगळ्यात जुनी गोष्ट त्या दगडाचीच आहे.

बदामीची लेणी बघितली असतील तर आठवा. तिथला दगड तांबूस, हात फिरवला की बारीक कण लागतात, कारण तो वालुकाश्म, म्हणजे पाण्यानं आणलेली वाळू थरावर थर साचून, दबून घट्ट झालेली. आता इथं भिंतीला हात लावा. काळा, थंड आणि कण असा लागतच नाही. हा बेसाल्ट, गोठलेला लाव्हा.

6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होता आणि उत्तरेकडे सरकत होता, आणि सरकता सरकता तो अशा जागेवर आला जिथं पृथ्वीच्या पोटातून प्रचंड उष्णता वर येत होती. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही जागा आहे. आपल्याकडे मात्र शंकूसारखा एखादा डोंगर फुटला असं नाही, जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा दूध उतू जावं तसा पसरत गेला. आजही त्यानं सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलीय.

पण हे एका दमात झालं नाही हं, आणि मला सगळ्यात भारी वाटतो तो हाच भाग. ब्रह्मगिरी बघा, अंजनेरी बघा, डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात. लाव्हाचा एक लोंढा आला, थंड झाला, मग दुसरा त्याच्यावर. या सगळ्या लाव्हाच्या थरांना दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं कधी गाडी बाजूला घेऊन नीट बघा, दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटेसारखी लाल रेघ दिसते. ती त्या काळची माती! दोन लोंढ्यांच्या मधल्या शांततेत पाऊस पडला, दगड झिजला, त्यातलं लोखंड गंजून लाल झालं आणि मग वरून पुन्हा आग आली आणि ती माती तशीच भाजून बंद झाली.

त्या मानानं लेणी अगदी अलीकडची, 2000 वर्षांच्या आसपासची. सातवाहनांच्या काळात छिन्नी-हातोड्यानं कोरलेली 24 लेणी.

आणि हा दगड बघा, मुठीएवढा. थंड होताना लाव्हातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, मग हजारो-लाखो वर्षं खनिजं मिसळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि आत पांढरे, काचेसारखे स्फटिक वाढले. नाशिक भागातले असे स्फटिक जगभरातल्या म्युझियममधे आहेत, आपल्या सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर डोळे भरून बघता येतात. कॅमेरा जरा जवळ घेतो... पोकळीच्या कडेपासून आतल्या बाजूला वाढलेत, सुईसारखे. हळूच बोट लावलं तरी टोकं टोचतात.