वीस घरं, एकवीस अक्षरं

(दृश्य : फळा. खडूने एकाला एक लागून चौकोन काढणारा हात. चौकोन मोजणारा मुलांचा आवाज.)

अठरा, एकोणीस, वीस. विसाव्या घराला खेटूनच मॅडम आणखी दोन घरं काढतात, ती पिवळ्या खडूने. पांढरी वीस घरं विद्यार्थ्याच्या नावाची, पिवळी दोन त्याच्या गुणांची. एका घरात एक बाइट. सी भाषेत नाव आणि गुण एकाच स्ट्रक्चरमध्ये लिहिले, की सीचे प्रोग्रॅम बांधणारा टर्बो सी त्यांना मेमरीत असंच शेजारी शेजारी बसवतो. पांढऱ्या आणि पिवळ्या घरांमध्ये आपल्याला दिसते ती फक्त खडूची रेघ. मेमरीत तीही नसते.

(दृश्य : कॉम्प्युटर लॅब. टर्बो सीची निळी स्क्रीन. कीबोर्डवर एका मुलीची बोटं.)

ही निळी स्क्रीन महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्या कितीतरी जणांना घरच्यासारखी ओळखीची आहे. मूळचं हे डॉसवर चालणारं सॉफ्टवेअर. आजच्या मशीनवर ते डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या खिडकीत उघडावं लागतं.

प्रोग्रॅम जर्नलमधलाच आहे. आधी गुण विचारतो, मग नाव विचारतो, शेवटी दोन्ही छापतो. तिने गुण दिले ३५. मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नाव आम्ही पडद्यावर झाकलं आहे, पण अक्षरं मोजता येतील एवढं ठेवलं आहे. रोमन लिपीत, मधल्या दोन स्पेस धरून, बरोबर वीस.

एंटर.

(इथे निवेदन नाही. स्क्रीनवर नाव जसंच्या तसं आणि त्याखाली : गुण ०. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर. सहा सेकंद.)

झालं काय, ते फळ्यावर बघू. सी भाषेत अक्षरांच्या माळेला स्वतःची लांबी माहीत नसते. माळ कुठे संपली हे कळावं म्हणून शेवटी एक शून्य बाइट ठेवतात, तिला नल म्हणतात. वीस अक्षरांनी वीस घरं भरली आणि नल एकविसाव्या घरात, म्हणजे पहिल्या पिवळ्या घरात जाऊन बसला. त्या घरात ३५ होते, कारण हे मशीन आकड्याची लहान बाइट आधी ठेवतं. दुसऱ्या पिवळ्या घरात आधीपासून शून्यच होतं. पस्तीस गेले, शून्य उरलं.

मागच्या बाकावरच्या मुलाचं नाव एकवीस अक्षरांचं आहे.

(मूळ आवाज, मॅडम : "तुझं आडनाव कशाने संपतं रे? इंग्रजीत?" मुलगा : "ई ने, मॅडम.")

शिंदे, मोरे, कांबळे, साळुंखे. आपल्याकडची किती आडनावं रोमन लिपीत ई या अक्षराने संपतात ते आपापल्या वर्गाच्या हजेरीपटात बघा. मेमरीत प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या आकड्याने लिहिलं जातं, त्याला आस्की क्रमांक म्हणतात. छोट्या लिपीतल्या ई चा आस्की क्रमांक १०१. एकविसावं अक्षर पहिल्या पिवळ्या घरात, नल दुसऱ्या पिवळ्या घरात.

(स्क्रीन : गुण १०१. वर्गात कुजबुज.)

प्रोग्रॅम कंपाइल होताना एकही एरर आली नव्हती. वॉर्निंगही नाही.

(दृश्य : स्क्रीनवरची एकच ओळ, झूम. त्यात गेट्स हे फंक्शन.)

सगळा दोष या एका ओळीत आहे. गेट्स हे फंक्शन कीबोर्डवरून एक ओळ वाचतं आणि आपण दिलेल्या जागी ठेवतं. त्याला कंसात एकच गोष्ट द्यायची असते : जागेचा पत्ता. जागा किती, हे सांगायची सोयच त्यात नाही. त्यामुळे ते जपून वापरा म्हणण्याला अर्थ नाही. किती अक्षरं टाइप व्हायची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, आणि जपायचं म्हटलं तर हातात दुसरं काहीच नसतं.

मग ते जर्नलमध्ये आलं कसं? आपल्या नावांमुळे. पुस्तकातला पहिला धडा कीबोर्डवरून वाचणाऱ्या स्कॅनएफचा, आणि स्कॅनएफचं साधं रूप पहिल्या स्पेसला थांबतं. आपण नाव लिहितो ते तीन भागांत. पहिलं नाव पकडलं जायचं, वडिलांचं नाव आणि आडनाव बाहेर राहायचं. कुणीतरी गेट्स सुचवलं आणि तिन्ही भाग आले. मग दुसरी अडचण : आधी स्कॅनएफने आकडा वाचला, की त्यामागचं एंटर तसंच पडून राहतं, आणि गेट्स ते एंटर म्हणजेच एक रिकामी ओळ समजून पुढे निघून जातं. त्यावर उतारा म्हणून, पडून राहिलेलं झाडून टाकायला, एफफ्लश हे फंक्शन. हा शब्द मुलांना पाठ आहे. पण एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे. आत येणाऱ्या मजकुरावर ते चालवलं तर काय व्हावं, हे सी भाषेच्या मानकाने ठरवलेलंच नाही. टर्बो सीवर ते चालतं, म्हणून वर्षानुवर्षं चालत आलं. एका जर्नलवरून दुसरं जर्नल उतरवलं गेलं आणि त्याबरोबर ही ओळही उतरत राहिली.

मी स्वतः ती उतरवली आहे. तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "गेट्स का वापरलं?" मी म्हटलं, "स्पेस चालते म्हणून." पूर्ण गुण मिळाले.

(दृश्य : जुन्या व्हॅक्स संगणकाचं छायाचित्र. त्यावरून कॅमेरा सरकतो.)

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, ज्या वाटांनी इंटरनेटवर पसरला, त्यातली एक वाट हीच होती : दूरच्या संगणकावर कोण आहे ते सांगणाऱ्या फिंगर सेवेच्या प्रोग्रॅममधलं गेट्स, त्यासमोर ५१२ बाइटची जागा आणि वर्मने पाठवलेल्या ५३६ बाइट. सी भाषेच्या मानकातून गेट्स काढून टाकलं गेलं ते २०११ साली.

(दृश्य : परत लॅब. दुसरं मशीन, लिनक्स. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं.)

तोच प्रोग्रॅम लिनक्सवर बांधायला घेतला, की प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर तिथल्या तिथे बजावतो : हे फंक्शन धोक्याचं आहे, वापरू नका. मॅडम सगळ्यांना तो इशारा वहीत उतरवून घ्यायला लावतात. नंतर गेट्स खोडून त्या जागी एफगेट्स लिहितात. याला तीन गोष्टी द्याव्या लागतात : पत्ता, जागा किती, आणि कुठून वाचायचं. वीस घरं सांगितली तर हे जास्तीत जास्त एकोणीस अक्षरं घेतं आणि विसावं घर नलसाठी राखतं. पिवळ्या घरांना धक्का लागत नाही.

पुष्कळ ठिकाणी धडा इथे संपतो. या वर्गात तो इथे सुरू झाला, आणि त्यासाठीच आम्ही कॅमेरा घेऊन दिवसभर थांबलो.

(दृश्य : स्क्रीन. नाव, घरचा पत्ता असे दोन प्रश्न. मुलगी पुन्हा नाव टाइप करते.)

नाव विचारलं. तिने वीस अक्षरं दिली. पत्ता विचारायच्या आधीच पत्ता भरलेला दिसतो : आडनावाचं शेवटचं अक्षर. एफगेट्सने एकोणीस अक्षरं उचलली, उरलेलं एक अक्षर आणि एंटर तिथेच राहिलं आणि पुढच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तेच गेलं. आता मेमरी सुरक्षित आहे, पण माहिती चुकीची आहे. शिवाय ओळ पूर्ण आली की अर्धी, हे एफगेट्स सांगत नाही. शेवटी एंटरचं चिन्ह आलं आहे का, ते आपणच शोधायचं, आणि सापडलं तर पुसायचंही आपणच.

(मूळ आवाज, मॅडम : "मग आपलं आपणच लिहू या. बघू, काय काय लागतं ते.")

(दृश्य : कोरा फळा. पुढची अकरा मिनिटं इथे आटोपशीर करून दाखवली आहेत.)

सगळ्यात आधी उत्तरं ठरली. फंक्शनने परत काय सांगायचं? मुलं बसल्या जागेवरून सांगताहेत. ओळ पूर्ण मिळाली. ओळ लांब होती, तुटली. मजकूर संपला. वाचताना बिघाड झाला. चार उत्तरं, चार वेगळे आकडे. गेट्स आणि एफगेट्समध्ये शेवटच्या दोन्हींना एकच उत्तर मिळतं, मग पेनड्राइव्ह मध्येच उपटला तरी प्रोग्रॅमला वाटतं फाइल संपली.

मग आत येणारी माहिती. जागेचा पत्ता, जागा किती, कुठून. इथे मॅडम थांबल्या आणि त्यांनी विचारलं, जागा शून्य दिली तर?

(इथे निवेदन नाही. वर्ग गप्प. एक हात अर्धवट वर जातो.)

नलसाठी एक घर सोडायचं म्हणून आपण जागेतून एक वजा करतो. शून्यातून एक. पण जागा मोजणारा हा प्रकार ऋण आकडा धरतच नाही. तो उलटा फिरतो आणि ६४ बिटच्या या मशीनवर स्क्रीन दाखवते १८४४६७४४०७३७०९५५१६१५. हातात एकही घर नाही, आणि फंक्शन समजतं की सगळं जग आपलं आहे. म्हणून पहिलीच ओळ : जागा शून्य असेल तर काहीही न लिहिता परत फिर.

आता वाचन. एकेक अक्षर उचलायचं. एंटर आलं की थांबायचं. घर शिल्लक असेल तर अक्षर ठेवायचं. नसेल तर ठेवायचं नाही, पण वाचत राहायचं, एंटर येईपर्यंत, आणि ओळ तुटली अशी खूण करून ठेवायची. मघाशी पत्त्यात जाऊन बसलेलं ते अक्षर इथे संपतं. शेवटी, काहीही झालं तरी, नल. फाइलची शेवटची ओळ एंटरशिवाय संपली असेल तर तीही ओळच. हाती काही आलं असताना मजकूर संपला म्हणायचं नाही. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये एंटरच्या आधी आणखी एक अदृश्य चिन्ह असतं, तेही पुसायचं.

आणि आकडा? तोही याच फंक्शनने ओळ म्हणून वाचायचा, मग त्या अक्षरांतून आकडा काढायचा. मागे एंटर पडून राहत नाही, एफफ्लशची गरज उरत नाही.

(दृश्य : दोन मशीन शेजारी शेजारी. एक पीसी, एक तळहाताएवढं रास्पबेरी पाय.)

एका मुलाने उचललेलं अक्षर ठेवायला कॅर हा एका बाइटचा प्रकार घेतला. अक्षरच तर आहे. मॅडमनी तो खोडला नाही. दोन्ही मशीनवर चालवायला सांगितला. पीसीवर चाचणीची फाइल निम्म्यात संपली. पायवर ती संपेचना.

(स्क्रीन : पायवर प्रोग्रॅम अडकलेला, कर्सर लुकलुकतो आहे. मुलगा कंट्रोल आणि सी दाबतो.)

एकेक अक्षर उचलून देणारं एफगेटसी एकतर ० ते २५५ मधली बाइट देतं, नाहीतर मजकूर संपला हे सांगायला एक ऋण आकडा देतं, इथे उणे एक. म्हणजे २५७ शक्यता. कॅरमध्ये मावतात २५६. पीसीवर कॅर ऋण आकडे धरतो, त्यामुळे २५५ ही बाइट उणे एक दिसते आणि वाचन मध्येच थांबतं. रास्पबेरी पायवर कॅर ऋण आकडे धरत नाही, म्हणून उणे एकचे २५५ होतात आणि शेवट कधी कळतच नाही. अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या यूटीएफ-८ या पद्धतीतल्या मराठी मजकुरात २५५ ही बाइट कुठेच येत नाही, म्हणून पीसीवर ही चूक लपून राहते. उपाय एका शब्दाचा : कॅरच्या जागी इंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकाचा प्रकार.

(दृश्य : लिनक्सच्या स्क्रीनवर देवनागरी. कुणीतरी टाइप करतं : कोल्हापूर.)

वीस घरांत कोल्हापूर मावायला हवं, असं सगळ्यांना वाटलं. फंक्शनने उत्तर दिलं : तुटली. आणि स्क्रीनवर आलं ‘कोल्हा’, त्यापुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मग ते अक्षर असो, काना असो की पाय मोडायचं चिन्ह. क, ओकार, ल, पाय मोडायचं चिन्ह, ह, काना, प, ऊकार, र. नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. एकोणीस घरांत सहा चिन्हं पूर्ण बसली आणि प ची पहिली बाइट एकटी आत आली. तो काळा चौकोन म्हणजे प चा तुटलेला तुकडा.

ही चाचणी पुस्तकातल्या उदाहरणांत दिसत नाही, कारण तिथली नावं रोमन लिपीत असतात. आपली तशी नसतात. जागा बाइटमध्ये मोजायची, अक्षरांत मोजायची नाही, ही गोष्ट मराठी मुलांना पहिल्याच वर्षी सांगायला हवी. आणि त्यासाठी गेट्सचं पान जर्नलमधून आधी फाडायला हवं.

(दृश्य : फळ्यावर शेवटच्या चार ओळी लिहिल्या जाताहेत.)

ओळ तुटली असेल तर शेवटाकडून मागे यायचं. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या पहिलीनंतरच्या बाइट नेहमी १२८ ते १९१ मध्ये असतात. त्या ओलांडत चिन्हाच्या पहिल्या बाइटपर्यंत जायचं. चिन्ह किती बाइटचं ते ही पहिली बाइटच सांगते; तितक्या बाइट हाती नसतील, तर नल तिथेच ठेवायचा.

कितीही लांब ओळ घेणारं गेटलाइन हे फंक्शन पॉसिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या, २००८ च्या मानकात आहे. ते पुढच्या प्रॅक्टिकलला.

(दृश्य : संध्याकाळ. ट्यूबलाइट. स्क्रीनवर चाचण्या एकामागून एक.)

रिकामी ओळ. वीस अक्षरांचं नाव. एकवीस अक्षरांचं नाव. पाच हजार अक्षरांची एक ओळ. एंटर नसलेली फाइल. शून्य जागा. मग पुन्हा कोल्हापूर.

(स्क्रीन : "नाव मावलं नाही. पुन्हा लिहा." काळा चौकोन नाही. मुलगी जागेचा आकडा २० चा ६४ करते, कंपाइल करते, कोल्हापूर टाइप करते. निवेदन नाही. लॅब असिस्टंट मागच्या रांगेतले पंखे बंद करत पुढे येतो.)